निओप्रीनचे बूट टाच सोलतात, पाणी भरतं, फिनमध्ये बसत नाहीत: कुठून बघायला सुरुवात करायची

यातलं काही होतंय का ते आधी बघा. (निओप्रीन म्हणजे फोमसारखं मऊ रबर, आणि फिन म्हणजे पोहताना पायात घालायचे पंख.)

- टाचेच्या मागे, हाडाच्या जरा वर, अर्ध्या-पाऊण तासात लाल होतं आणि मग फोड येतो
- बाहेर घातले तेव्हा मस्त फिट होते, पाण्यात गेल्यावर आत पाय सरकतोय
- पाण्यातून वर आलं की बूट भरून जड होतात आणि पचपच आवाज करत चालावं लागतं
- फिन चढतच नाही, किंवा चढते पण थोड्या वेळात पायात गोळा येतो
- डाइव्ह करताना पाय आपोआप वर वर जातात
- कयाकमध्ये पाय अवघडतो, चिखलात उतरलं की बूट मागे आणि पाय पुढे
- पुढच्या टोकाकडून तळ उघडायला लागलाय, चेन अडकते
- वास, खाज, बोटांच्या बेचक्यात चिखल्या

मालवण-तारकर्ली भागात डायव्हिंग, कयाकिंगचं सामान सांभाळायचं, धुवायचं आणि फाटलं की शिवायचं हे माझं काम आहे आणि हेच बूट फिरून फिरून माझ्यासमोर येतात. शंभरातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं, माणसाने घेताना जाडी बघितली, टाच आणि तळ बघितलाच नाही. परदेशातले साइझ चार्ट आणि व्हिडिओ बघून 5 मिमी, कधी 7 मिमीचे बूट घेऊन लोक येतात. ते बूट थंड पाण्यासाठी केलेले असतात. इथे सीझनमध्ये समुद्राचं पाणी 26 ते 29 अंशांच्या आसपास असतं, गारठ्याचा प्रश्नच नाही, आपल्याला बूट हवेत ते कालवांनी पाय कापू नयेत, शेवाळावरून घसरू नये आणि फिनचा पट्टा लागू नये म्हणून. हे डोक्यात ठेवून खालचं वाचा. फुकटच्या गोष्टी आधी आहेत, खर्चाच्या नंतर, कृपया उड्या मारू नका, कारण बरेच जण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सुटतात आणि तोवर नवीन बूट ऑर्डर करून झालेले असतात.

बूट उलटा करा

खरंच, आधी एवढंच. बूट आतून बाहेर जितका उलटतो तितका उलटा आणि टाचेची आतली शिवण बोटाने चाचपा. तिथे बारीक वाळू बसलेली सापडते, ओल्या कापडात रुतलेली, नुसता बूट झटकून ती पडत नाही. त्याच्या जोडीला वाळलेल्या मिठाचे खडे. पायाची कातडी पाण्यात मऊ पडते आणि त्यावर ही वाळू घासत राहिली की पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, आतून हात घालून चोळा, दोनदा पाणी बदला. पायाची नखंही कापा, पुढचं टोक आतून फाटतं त्यातलं निम्मं काम अंगठ्याच्या नखाचं असतं.

घालायची पद्धत

वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा निओप्रीनचा सूट, घालत असाल तर सूटचा पाय बुटाच्या वरून बाहेर यायला हवा, बूट सूटच्या आत. कितीतरी जण उलटं करतात, सूट बुटात खोचतात, कारण पावसाळी गमबुटाची सवय. मग काय होतं, सूटमधून खाली उतरणारं सगळं पाणी सरळ बुटात जातं आणि तिथेच साठतं. पचपच आवाजाची तक्रार असेल तर आधी हे बदलून बघा, पैसे लागत नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, वेटसूट बुटात पाणी येणारच. तो गमबूट नाहीये. आत आलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि तिथेच राहतो, आणि निओप्रीनमधले गॅसचे बंद बुडबुडे ती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, असं ते काम चालतं. प्रश्न पाणी आत येण्याचा नाही, प्रत्येक पावलाला जुनं जाऊन नवं येण्याचा आहे, तसं होत असेल तर बूट सैल आहे.

कोरडा बूट कोरड्या पायावर ओढू नका. दोन्ही ओले करा, मग सरकतो. चेनवाला असेल तर चेन पूर्ण खाली घेऊन, टाच मागे दोनदा आपटून बसवायची आणि मगच चेन लावायची. टाच अर्धवट बसलेली असताना चेन लावली की दोन गोष्टी होतात, टाच सोलते आणि चेनचे दात तुटतात.

बादली टेस्ट

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, विकत घेण्याआधी दुकानात जमली नाही तरी घरी करता येते, फक्त ऑनलाइन मागवलेला बूट परत करायचा असेल तर ओला करू नका, त्यासाठी खालचा कोरडा भाग तेवढा करा.

कोरडं: संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. बूट घालून उभे राहा, बोटं पुढे टेकली पाहिजेत पण वळता कामा नयेत. मग चवड्यावर उभे राहा. कुणालातरी मागून बघायला सांगा, तळाबरोबर टाच वर येते का बुटाच्या आत टाच सुटून वर सरकते. बोटाच्या पेराएवढी जरी सरकली तरी फोड ठरलेला. त्यानंतर घोट्याच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या खाली जी खळगी असते, तिथे दाबून बघा. बूट तिथे पोकळ लागला तर तेवढी जागा पाण्याची.

ओलं: बादलीत पाय बुडवून बूट भरू द्या, बाहेर काढा आणि बाथरूममध्ये वीसेक पावलं चाला. ओलं निओप्रीन जरा सैल पडतं आणि कातडी पण निसरडी होते, म्हणून दुकानात 'आरामदायक' वाटलेला बूट पाण्यात सैल होतो. कोरड्यात किंचित घट्ट वाटणारा बूट पाण्यात बरोबर बसतो. पण किंचित. बोटं बधिर होत असतील, पाय पांढरा पडत असेल तर तो घट्ट नाही, लहान आहे.

साइझचा घोळ इथेच सांगून टाकतो. भारतातले नंबर यूकेसारखे चालतात, आणि हे बूट बऱ्याचदा यूएस नंबराने विकले जातात. पुरुषांचा यूके 8 म्हणजे साधारण यूएस 9 आणि युरोपचा 42. यूएस 8 बघून आपला 8 समजून घेतला की बूट लहान निघतो, मग बदलून दोन नंबर मोठा घेतला जातो आणि तो सैल. नंबर सोडा, कागदावर पाय ठेवून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजा आणि चार्टमधला सेंटीमीटरचा रकाना बघा. अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या पायांचा पंजा रुंद असतो, त्यांना अरुंद साच्याचा बूट करंगळीला लागतो. अशा वेळी एक नंबर मोठा घेऊन लांबी वाढवू नका, टाच सुटेल, दुसऱ्या कंपनीचा रुंद साचा शोधा.

शे-दोनशे रुपयांचे उपाय

टाच थोडीच सुटत असेल तर बूट फेकायची गरज नाही. 2 किंवा 3 मिमीचा ईव्हीए फोमचा इनसोल कापून आत टाका, पाय वर उचलला जातो आणि वरचा पट्टा घट्ट बसतो. कापडी किंवा कार्डबोर्डचा इनसोल नको, तो दोन दिवसांत सडतो. दुसरा उपाय म्हणजे लायक्राचा पातळ मोजा, घासणं कातडीवर न होता मोज्यावर होतं. सुती मोजा मात्र बिलकुल नको, सुती मोजा भिजला की गोळा होऊन टाचेखाली बसतो आणि सैल बुटाच्या वर ही दुसरी कटकट.

चेन अडकत असेल तर ओढाओढी करू नका. धातूचा रनर असेल तर त्यावर हिरवट थर दिसेल, मिठाने गंजतो. कोमट पाण्यात व्हिनेगर टाकून त्यात रनर भिजत ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, गोड्या पाण्याने धुवा, वाळल्यावर दातांवर मेणबत्ती फिरवा. तेल लावू नका, तेलाला वाळू चिकटते.

वासाला: प्रत्येक वेळी गोडं पाणी, उलटं करून सावलीत वाळवणं, आत वर्तमानपत्राचे बोळे. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत बंद पिशवीत ओले बूट ठेवणं हा वास आणण्याचा आणि तळ सोडवण्याचा एकत्रित कार्यक्रम आहे. ब्लीच नको, शिवणीचा दोरा आणि कापड दोन्ही कमजोर होतं.

फिनबरोबर जमतंय का

फिन दोन प्रकारच्या. फुल-फूट फिन चपलेसारखी पूर्ण पाय घेते, ती अनवाणी पायाला किंवा पातळ निओप्रीन मोज्याला. ओपन-हील फिनला मागे पट्टा असतो, ती बुटावरच घालायची. जाड तळाचा बूट फुल-फूटमध्ये कोंबायचा प्रयत्न करू नका, जाणार नाही आणि गेला तर निघणार नाही. आणि ओपन-हील फिन 5 मिमीच्या बुटावर बघून घेतली असेल आणि आता 3 मिमीचा बूट घालताय तर पाय फिनच्या खोबणीत डुगडुगणार, ती धरून ठेवायला आपण नकळत बोटं आवळतो आणि तिथून पायात गोळा येतो. लोकांना वाटतं फिटनेस कमी, दम कमी. फिन-बूट जोडी जमत नसते.

बूट घालून फिनमध्ये पाय सरकवा. फिनच्या कडेने चवड्याभोवती बोट फिरलं पाहिजे पण पाय कडेला हलता कामा नये. बुटाच्या टाचेला मागे एक रबराची खाच किंवा उंचवटा असतो, पट्टा त्याच्यावर अडकायला हवा, काही सर्फिंगच्या बुटांना तो नसतोच, म्हणून ते डायव्हिंगला नेले की पट्टा सारखा निसटतो.

अजून एक, खोलीवर गेल्यावर पट्टा ढिला वाटतो ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे दबतात, बूट पातळ होतो. वरच पट्टा एक घर जास्त ओढून घ्या. पाय वर जाण्याची तक्रार पण याच बुडबुड्यांची, जाड बूट पायाला तरंगवतात. 7 मिमीवरून 3 मिमीवर आलात की बऱ्याच जणांचं ते तिथल्या तिथे थांबतं, नाही थांबलं तर तुमच्या इन्स्ट्रक्टरला वजनाची जागा बघायला सांगा, ते स्वतः पाण्यात प्रयोग करून बघायचं काम नाही.

बूट त्या कामाचाच आहे का

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी त्रास होतोय तर बहुतेक बूट चांगला आहे, काम चुकीचं आहे. एकाच जोडीत सगळं भागेल ही अपेक्षा सोडा, निदान दोन भाग करा, फिनचे आणि बिनफिनचे.

*डायव्हिंग, स्नॉर्केलिंग.* इथल्या पाण्यात 3 मिमी पुरे, घोट्याच्या वर जाणारा, कडक रबरी तळ. तळ कडक का, तर बोटीपर्यंत पाण्यातून चालत जाताना पाठीवर सिलेंडर असतो आणि खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ असतो, त्यावर कालवं, ब्लेडपेक्षा कमी नाहीत. चेन असलेला चालतो, घालायला सोपा.

*सर्फिंग.* एकदम वेगळा प्राणी. पातळ, वाकणारा तळ पाहिजे, पायाला बोर्ड कळला पाहिजे. 2-3 मिमी, शक्यतो बिनचेनचा, पायाच्या वरच्या बाजूला एक पट्टा. अंगठा वेगळा असलेला स्प्लिट-टो घेतला तर पाय आत फिरत नाही, गोल टोकाचा जास्त उबदार पण आपल्याला ऊब नकोच आहे. खरं सांगायचं तर गोव्यात वाळूच्या तळावर सर्फिंग शिकत असाल तर बूटच नको. खडकाळ जागा असेल तरच.

*खाडीतलं कयाकिंग, सप (बोर्डवर उभं राहून वल्हवणं).* इथे सगळ्यात जास्त बूट वाया जातात. खाडीचा चिखल बूट अक्षरशः खेचून घेतो, म्हणून कमी उंचीचे, मोज्यासारखे बूट घेऊन कांदळवनात उतरू नका, तिथली जमिनीतून वर आलेली मुळं पातळ तळातून टोचतात. घोट्यावरचा, पट्ट्याने आवळता येणारा घ्या. चेन शक्यतो टाळा, चिखल भरला की ती मेली. बसून आत पाय घालायचं कयाक असेल तर टाच जाड नको, आतल्या फूटरेस्टवर पाय तिरका बसतो आणि पोटऱ्या भरून येतात. लोंबणारी दोरी, लूप, बकल काही नको, उलटलात तर पाय सुटा निघाला पाहिजे, हा मुद्दा बाकी सगळ्याच्या वर. सपला पातळ सपाट तळ, नाहीतर अनवाणी.

*राफ्टिंग.* कोलाडला कुंडलिकेत धरणाचं सोडलेलं पाणी असतं, थंडी सोसण्यासारखी असते, पण काठावरचे दगड शेवाळलेले. तिथे तळाची पकड बघा, मऊ चिकट रबर चांगलं, डायव्हिंग बुटाचा कडक तळ ओल्या दगडावर बेभरवशाचा. राफ्टमध्ये पाय खाचेत अडकवून बसायचं असतं, सैल बूट असेल तर पाय निघून येतो आणि बूट तिथेच. आणि बूट कितीही भारी असले तरी पाण्यात पडल्यावर वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. पाठीवर, पाय पुढे आणि वर.

जाड बूट कुठे लागतात? झंस्कारसारख्या बर्फ वितळून वाहणाऱ्या नदीत, थंडीतल्या गंगेत हृषीकेशला, किंवा कॅलिफोर्नियात, इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी तिथल्या समुद्रात उतरत असतील तर. तिथे 5 मिमी आणि त्याच्या वर, शिवण चिकटवून मग अर्धवट टाक्याने शिवलेली, म्हणजे सुई आरपार जात नाही आणि भोकं पडत नाहीत. आपल्याकडे साधी सपाट शिवण चालते, तिच्यातून पाणी झिरपलं तर बिघडत नाही.

शिवण आणि तळ

आता हाताला चिकट लागणारं काम. बूट आतून पाण्याने भरा, वरचं तोंड मुठीत आवळून हळू दाबा, बाहेरून पुसून कोरडा केलेला असेल तर थेंब कुठून येतात ते दिसतं. तिथे खडूने खूण. पूर्ण वाळू द्या, एक अख्खा दिवस, आत ओल राहिली तर काहीच चिकटत नाही.

निओप्रीन सिमेंट नावाचा काळा गोंद मिळतो, तोच वापरा. सुपरग्लू वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, बूट वाकला की तडकतो आणि नंतर त्या जागेवर दुसरा गोंद पण धरत नाही, त्यामुळे सुपरग्लू लावून आणलेला बूट बघितला की माझा मूड जातो. फाटलेल्या दोन्ही कडांना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत एक हात, बोट लावलं तर चिकट वाटेल पण तार सुटणार नाही अशा वेळी दोन्ही कडा जुळवा. एकदा टेकल्या की हलवता येत नाहीत, नीट बघून टेकवा. एक दिवस पाण्यात नेऊ नका.

तळाचं टोक थोडं, अंगठ्याच्या रुंदीएवढं उघडलं असेल तर हेच चालतं, फक्त आधी जुना गोंद खरवडून सॅंडपेपर मारा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

इथे थांबा

तळ अर्ध्याहून जास्त सुटलाय, टाचेकडून सुटलाय, किंवा जुना गोंद भुगा होऊन पडतोय, तर घरी करू नका. चपला दुरुस्त करणाऱ्याकडे दिला तर तो आरपार टाके घालेल, तळ धरेल पण ओळीने भोकं पडतील, कयाकिंगला चालेल, थंड पाण्याला नाही. चेन बदलायची असेल तर वेटसूट दुरुस्त करणाऱ्या डाइव्ह शॉपकडेच. निओप्रीन दाबून बघा, दाबलेला खड्डा परत भरत नसेल, कडक पापडी झाली असेल तर दुरुस्तीवर खर्च करू नका, तो बूट संपला.

पायाचं म्हणाल तर दोन्ही पायांवर बुटाच्या बरोबर आकारात लाल खाजरं पुरळ येत असेल तर ते घासणं नसतं, निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांची किंवा गोंदाची ॲलर्जी काहींना असते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि येताना बूट सोबत न्या. मधुमेह असेल आणि तळव्याला संवेदना कमी असेल तर बूट घेण्याआधीच डॉक्टरांशी बोला, फोड आल्याचं तुम्हाला कळणारच नाही.

पाकटाचा (स्टिंगरे माशाचा) काटा निओप्रीनमधून सहज आत जातो, बूट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वाळूत पाय उचलून न टाकता घासत चाला, पाकट आधीच सरकतं. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 40 ते 45 अंश, पाय बुडवून ठेवा, अर्धा ते दीड तास, पाणी दुसऱ्या चांगल्या पायाने किंवा हाताने तपासून, आणि तसंच हॉस्पिटल गाठा. सी अर्चिनचे काटे आत तुटले असतील, त्यातही सांध्याजवळ, तर सुईने कोरत बसू नका. समुद्रातल्या पाण्यात झालेली जखम काही तासांत सुजून लाली वर चढायला लागली, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. आणि पावसाळ्यात फुटलेल्या फोडासह गढूळ पाण्यात किंवा चिखलात उतरला असाल आणि पुढच्या काही दिवसांत ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना 'मी चिखलात उतरलो होतो' हे न विचारता सांगा, सिंधुदुर्गात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) नवीन नाही आणि ते लवकर कळलं तर औषध साधं असतं.